पुढच्यांची मांडणी

४ नोव्हेंबर, मंगळवार

धाकटीस,

‘प्रिय’ मुद्दामच लिहिलेलं नाही. दोन वर्षं आणि एक महिना तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस, तेव्हा उगाच गोड लिहून तुझ्या कपाळावर आठी कशाला आणू? मी आजारी नाही, मरायला टेकलेली नाही आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. (यातलं शेवटचं खोटं आहे. पुढे कळेलच.)

आपल्या दालनातल्या खुर्च्या जमिनीला ठोकणार आहेत.

सूचनाफलकावर हे वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार-चार खुर्च्या एका लोखंडी दांडीवर, दांडी बोल्टने फरशीत, आणि सगळ्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे. १ डिसेंबरपासून. खाली सही कोणाची, तर नव्या व्यवस्थापकांची. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. विश्वस्तांनी गेल्या वर्षी नेमले. गळ्यात निळी फीत, फितीला ओळखपत्र. पाच खोल्यांच्या इमारतीत यांना कोण ओळखत नाही म्हणून ते मिरवतात कोण जाणे! मी त्यांना फीतवाले म्हणते. आता सगळेच म्हणतात.

तू आणि मी त्या दालनात पहिल्यांदा पाय ठेवला त्याला बारा वर्षं झाली. टपालवाले सोडून गेले होते. फरशीवर उंदरांच्या लेंड्या, आणि भिंतभर पत्रं वाटायचे लाकडी खण. मी म्हटलं, हे सगळं उखडून टाकू. तू म्हणालीस, खण राहू देत, येणाऱ्या प्रत्येक गटाला एक ओळ देऊ. आणि तसं झालंही. सकाळी मोठेपणी वाचायला शिकणारे, दुपारी चाकाच्या खुर्चीवरून व्यायाम करणारे, मग तुझे कमी ऐकू येणारे लोक, ओठ बघून बोलणं ओळखायला शिकणारे, आणि संध्याकाळी जवळचं माणूस गेलेल्यांचं वर्तुळ. चौघांची चार तऱ्हेची बैठक, आणि खोली एकच.

त्यातूनच तुझा तो नियम आला. सगळ्या जगात ‘खोली जशी मिळाली तशी ठेवून जा’ म्हणतात. तू म्हणालीस, नाही, खोली पुढच्यांना लागेल तशी लावून जायची. प्रत्येक गटाच्या मांडणीचं चित्र तू पुठ्ठ्यावर काढलंस आणि ज्याच्या त्याच्या खणात ठेवलंस. वाचायला शिकणारे चाकांच्या खुर्च्यांसाठी रुंद वाट सोडून जातात, तुझे लोक जाताना वर्तुळ लावतात. बारा वर्षं रोज कुणीतरी आपल्यासाठी खोली लावून ठेवत आलं. आणि हा मनुष्य म्हणतो, मांडामांडीत वीस मिनिटं फुकट जातात!

सप्टेंबरच्या बैठकीत हे ठरलं म्हणे. मी होते त्या बैठकीला. तिथे असं काहीही झालेलं नाही. आमच्या पाठीमागे केलेला उद्योग आहे हा.

आता काम सांगते. दालनाचा वापर बदलायचा तर संस्थापकांचं मत घ्यावं लागतं. दोघींनी हो म्हटल्याशिवाय बदल होत नाही. तुला त्यांचं पत्र आलं असेल किंवा येईल. त्यावर ‘नाही’ लिही आणि पाठव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. त्यांच्याशी बोल.

तुझी, निदान जन्मदाखल्यावर तरी,
ताई


११ नोव्हेंबर, मंगळवार

धाकटीस,

आठवडा झाला. टपाल एवढंही हळू चालत नाही.

नमुना म्हणून चार खुर्च्यांची एक रांग खिडकीपाशी बसवून गेले. गुरुवारी तुझा वर्ग होता. तू गेल्यापासून आपले शिंपीकाका तो चालवतात. चाळीस वर्षं शिलाईयंत्रापाशी बसून दोन्ही कान गेले, त्यामुळे त्यांच्याइतकं ओठांतलं दुसऱ्या कुणाला कळत नाही. तर शिंपीकाका उभे राहिले बरोबर खिडकीसमोर, कारण रांगेचं तोंडच तिकडे. पाठीमागून उजेड, तोंडावर काळोख. ओठ दिसतील कसे? शेवटी शिंपीकाका मागे गेले, आणि रांगेतली चौघं त्या नव्याकोऱ्या खुर्च्यांवर उलटी गुडघे टेकून, पाठीला हात धरून, मागच्या बाजूला बघत बसली. सत्तरीची माणसं! मला रडू यावं की हसू, कळेना.

आणि वर्तुळवाल्यांचं काय? नर्सबाई अजून ते वर्तुळ चालवतात. त्यांनी त्या रांगेकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “नवरा गेल्याचं कुणाच्या मानेमागच्या केसांना सांगायचं का?”

मी फीतवाल्यांकडे गेले. सोडते की काय! ते मोबाइलकडे बघत बोलतात. हल्ली सगळ्यांनाच ही सवय, खाली बघून पुटपुटायचं. तीनदा “काय?” म्हणावं लागलं. चौथ्यांदा त्यांनी कागदावर लिहून दिलं, जशी काही मी पहिलीतली पोर आहे. त्यांचं म्हणणं असं, की ऑगस्टमध्ये मांडामांडीच्या गडबडीत एक बाई खुर्चीला अडखळून पडल्या, मनगट मोडलं. हे खरं आहे, मी नाकारत नाही. त्यावर खुर्च्यांना रबरी टोपणं लावा की. जमिनीला कशाला ठोकता?

आणि त्या कागदावरचं मुख्य वाक्य वाच: “संस्थापकांपैकी एकींची संमती आहे. दुसऱ्यांचं ३० नोव्हेंबरपर्यंत उत्तर आलं नाही, तर संमती समजण्यात येईल.”

म्हणजे तू गप्प बसलीस तर ते हो होणार आहे. गप्प बसण्यात तुझा हात कोण धरणार, म्हणून मला धास्ती.

(एकींची संमती, ही काय भानगड आहे ते मी शोधून काढते आहे. त्यात तू डोकं घालू नकोस.)

माझ्या साहित्य खिडकीवरचं, आजाऱ्यांना वस्तू वापरायला द्यायचं काम बरं चाललं आहे. वॉकर, कुबड्या, पलंग, सगळं वेळेवर जातं आणि बहुतेक परत येतं. परवा एका सहा फुटी माणसाला मी लहान मुलाच्या कुबड्या दिल्या. तो तोंडातल्या तोंडात बोलला, मी काय करू? त्या घेऊन तो दारापर्यंत वाकत वाकत गेला आणि परत आला. लोकांनी स्पष्ट बोलायला शिकलं पाहिजे.

तुझी वाट न बघणारी,
ताई


१६ नोव्हेंबर, रविवार

धाकटीस,

पोस्टकार्ड मिळालं. दोन वर्षांनी एक ओळ! “त्या खुर्चीचं काय झालं होतं ते आधी खरं लिही.” ना मायना, ना सही. अक्षर तेवढं तुझंच, म्हणून कळलं.

बरं. लिहिते.

मेहुणे गेले त्याला एकोणीस दिवस झाले होते. तू वर्ग घ्यायला आलीस. मी म्हटलं होतं येऊ नकोस, तू आलीस. वर्ग संपल्यावर तुझ्या लोकांनी नेहमीसारखं वर्तुळ लावलं, दहा खुर्च्यांचं. मी तुझी ती उंच पाठीची खुर्ची त्या वर्तुळात ठेवली. तपकिरी उशीसकट. अकरावी. एक खुर्ची ठेवली, बस! त्यात माझा काय स्वार्थ होता? तू घरी भिंतीकडे बघत बसायचीस, जेवत नव्हतीस, केस विंचरत नव्हतीस. दहा वर्षं आपण ज्या गोष्टीसाठी मरमर केली ती तुझ्या दारात होती, आणि तू आपल्याच पेटीतलं औषध घेत नव्हतीस. मोठी बहीण म्हणून मी तेवढं केलं. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. उशी तशीच राहिली. ती तुझ्या खणात आहे, वर्षातून दोनदा ऊन दाखवते.

एवढंच झालं. मला तरी तेवढंच आठवतं.

आता ऐक. मी सप्टेंबरच्या बैठकीचं इतिवृत्त मागून घेतलं. त्यात काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं उतरवते: “स्थिर आसनव्यवस्थेचा प्रस्ताव वाचून दाखवण्यात आला. उपस्थित संस्थापक सदस्या (साहित्य खिडकी) यांनी संमती दर्शवली.”

साहित्य खिडकी म्हणजे मी! धादांत खोटं! माझ्या तोंडून ‘हो’ हा शब्द निघाला असेल तर माझी जीभ झडो. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच पावली वर गेले आणि फीतवाल्यांच्या टेबलावर तो कागद आपटला. त्यांनी या खेपेला मोबाइल बाजूला ठेवला, माझ्याकडे बघून, सावकाश बोलले: “मॅडम, तुमची संमती चुकून घेतली गेली असेल तर एका ओळीत लेखी कारण द्या. त्याच दिवशी रद्द करतो.”

मी म्हटलं, मी का कारण देऊ? मी काही केलेलंच नाही. आरोपीनेच खुलासा लिहून द्यायचा, हा कुठला न्याय?

त्यामुळे पुन्हा तुझ्यावरच आलं. तू नाही लिही. मी खरं लिहिलं आहे, आता तुझी पाळी.

ताई


२० नोव्हेंबर, गुरुवार

धाकटीस,

घाईत लिहिते आहे, अक्षर लागत नसेल तर सोडून दे. आत्ताच दालनातून आले.

मी शिंपीकाकांना साक्षीला न्यायचं ठरवलं होतं. बैठकीत ते माझ्या समोर बसले होते, त्यांना सगळ्यांचे ओठ दिसतात, मग मी हो म्हटलं नाही हे त्यांच्याइतकं कोण ठामपणे सांगणार? वर्गाच्या आधी गाठलं. ते उजेडाकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, “ताई, तुम्ही हो म्हणाला नाहीत हे खरं आहे.”

मी म्हटलं, “झालं तर मग!”

“तुम्ही मान डोलावलीत. साहेब फळ्याकडे तोंड करून वाचत होते. मला ओठ दिसेनात, म्हणून मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. तुम्हाला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही, ताई. तुम्ही नुसत्या डोलावत होता. मी पण दहा वर्षं तेच केलंय. दुकानात गिऱ्हाईक बोलायचं, मी मान हलवायचो आणि पँट आखूड व्हायची.”

असं म्हणून ते मला हाताला धरून आत घेऊन गेले. हाताला धरून! आत अकरा माणसं बसली होती, आणि खिडकीकडे पाठ येईल अशी, उजेड बरोबर शिकवणाऱ्याच्या तोंडावर पडेल अशी, एक खुर्ची मोकळी. खुर्चीवर पुठ्ठा. पुठ्ठ्यावर शिंप्याच्या खडूने लिहिलेलं: ताई. सगळ्यांनी गुडघे बाजूला घेतले, मला जायला वाट दिली. एक आजी मला दिसेल असं तोंड करून म्हणाल्या, “केव्हाची वाट बघतोय तुमची.” म्हणजे यांना सगळ्यांना ठाऊक! केव्हापासून? कुणी सांगितलं? खिडकीवर मी ‘काय? काय?’ करते तेव्हा मागे बसून बोलतात का माझ्याबद्दल?

यांना कुणी विचारलं होतं? मी म्हटलं होतं का माझ्यासाठी खुर्ची ठेवा म्हणून? मी अजून फोनवर बोलते. दारावरची घंटा ऐकू येते. बहुतेक वेळा येते. या वर्गाला जागा मी मिळवून दिली, यांच्या खुर्च्या मी पुसल्या आहेत, आणि आज मी त्यांच्यातली एक झाले, बारा लोकांसमोर, मला न विचारता! माझ्या कानांचं काय करायचं ते माझं मी ठरवीन!

मी पिशवी उचलली आणि निघून आले.

(इथे दीड तास गेला आहे. चहा केला, तो ओट्यावरच गार झाला.)

धाकटे, मी पिशवी उचलली आणि निघून आले.


२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय धाकटे,

तू खरं मागितलं होतंस. मी सोळा तारखेला जे लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं आज लिहिते. मधेच थांबले तर परत धीर व्हायचा नाही, म्हणून एका बैठकीत लिहिते आहे.

मेहुणे पाच आठवडे अंथरुणाला खिळून होते आणि तू पाच आठवडे उंबरा ओलांडला नव्हतास. त्या दिवशी शेजारच्या काकू बसल्या आणि तू केस कापायला गेलीस. दोन तास. त्या दोन तासांत ते गेले. तू हे फक्त मला सांगितलंस. फोनवर. “ताई, मी आरशासमोर बसले होते गं, ते गेले तेव्हा,” असं म्हणालीस, आणि कुणाला सांगू नकोस म्हणालीस. मी म्हटलं, नाही सांगणार.

खुर्ची ठेवण्याआधी मी ते सांगितलं. नर्सबाईंना सांगितलं, आणि एकट्या त्यांना नाही. वर्तुळातली बाकीची माणसंही आली होती, त्यांच्यादेखत. मला वाटलं, तुला तुझ्या तोंडाने सांगावं लागू नये, म्हणजे तुला सोपं जाईल. मी तुझ्यासाठी खोली लावत होते, धाकटे. मला तेव्हा खरंच तसंच वाटत होतं. पुढच्यांना हवी तशी लावायची, हा आपला नियम, आणि तुला काय हवं ते तुला विचारायचं मला सुचलंच नाही. बारा वर्षांत असा घोळ दालनात कुणी केला नव्हता. तो मी केला.

तू पिशवी घ्यायला परत आत आलीस, तेव्हा त्या दहाच्या दहा माणसांनी तुझ्या केसांकडे पाहिलं. मी बघत होते. त्यांना इलाज नव्हता, मीच त्यांच्या हातात ते दिलं होतं. मग त्यांनी गुडघे बाजूला घेतले आणि तुला वाट करून दिली. इतक्या प्रेमाने. तुझा चेहरा पाहिला आणि मी चिडले. दोन वर्षं तुझ्यावर चिडून राहिले, कारण स्वतःवर चिडायचं तर हे सगळं आठवावं लागलं असतं.

गुरुवारी मी त्या खडूने लिहिलेल्या पुठ्ठ्यासमोर उभी होते तेव्हा मला कळलं की तुला काय झालं असेल. माझं तर काहीच नव्हतं. माझे कान गेले आहेत, तुझा माणूस गेला होता. आणि शिंपीकाकांनी माझं गुपित कुणाला विकलं नव्हतं, ते सगळ्यांना दिसतच होतं. तरी मला इतकं लागलं.

चुकले गं. दोन वर्षांपूर्वी चुकले, आणि त्यानंतर रोज.

आता कानांचं. उजवा जवळजवळ गेलाच आहे. डावा अर्धा. तीन वर्षं झाली. तुझ्यासमोर फोन डाव्या कानाला लावायची, आठवतं? तू विचारलंस, मी म्हटलं सवय आहे. भीती कसली, तर खिडकीची. माणूस येतं, बिचकत सांगतं की आईला उठता येत नाही, बाथरूमला न्यायला काय मिळेल. ते ऐकून घेणं हेच माझं काम. ज्या बाईला ऐकू येत नाही तिला तिथे कोण ठेवील? म्हणून मान डोलवायची. मान डोलवून डोलवून मी आपलं दालन विकायला निघाले होते, आणि ओरडत होते फीतवाल्यांच्या नावाने. (त्यांच्यावर माझा राग आहेच. सूचना वाचताना माणसाने लोकांकडे तोंड करावं.)

आणखी एक. तू नाही लिहावंस म्हणून मी तुझ्या मागे लागले होते, ते आता सोडते. तुला त्या दालनाशी काही देणंघेणं ठेवायचं नसेल तर ठेवू नकोस. ही निस्तरायची गोष्ट माझी आहे. सोमवारी मी वर जाते आणि त्यांना हवी ती एक ओळ लिहून देते.

हे तुला उत्तरासाठी लिहिलेलं नाही.

ताई


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय धाकटे,

सोमवारी दिली ओळ. “प्रस्ताव वाचला गेला तेव्हा मला तो ऐकू आला नाही. मला कमी ऐकू येतं. माझी संमती नव्हती आणि नाही.” तीन वाक्यं झाली, एक मागितलं होतं. फीतवाल्यांनी वाचलं आणि उठून टेबलाच्या अलीकडे आले, उजेडात उभे राहिले, आणि बोलले. प्रत्येक शब्द दिसला. म्हणाले, “खुर्च्या ठोकत नाही, मॅडम. पण परत कुणी पडलं तर?” मी म्हटलं, रबरी टोपणं, घडीच्या हलक्या खुर्च्या, आणि मांडामांडीची वीस मिनिटं वेळापत्रकातच धरा, म्हणजे कुणी धावपळ करणार नाही. ते म्हणाले, एवढं आधी का नाही सांगितलंत. खिडकीचंही विचारून टाकलं. ते म्हणाले, खिडकी तुमचीच, फक्त समोर एक दिवा लावू, म्हणजे येणाऱ्याचा चेहरा दिसेल. इतकी साधी गोष्ट मला तीन वर्षांत सुचली नव्हती. ती नमुन्याची रांग बुधवारी उखडली आणि घडीच्या काही खुर्च्या आल्याही. फरशीला चार भोकं राहिली आहेत. बुजवू म्हणाले, मी म्हटलं राहू देत, मला आठवणीला उपयोगी आहेत.

तुझं पाकीट काल सकाळी मिळालं.

त्यात तू फीतवाल्यांना पाठवलेल्या ‘नाही’ची प्रत होती, तारीख सात नोव्हेंबर. म्हणजे माझं पहिलं पत्र मिळालं त्याच दिवशी तू पाठवून मोकळी झाली होतीस! आणि त्या माणसाने मला एका शब्दाने सांगितलं नाही! मी तशीच वर गेले भांडायला. ते म्हणाले, सांगितलं होतं, अकरा तारखेनंतर दोनदा, जिन्यात. मी मान डोलावली होती म्हणे.

म्हणजे माझ्या ओळीची गरजच नव्हती. तुझ्या एकटीच्या ‘नाही’ने काम केव्हाच झालं होतं. आणि तू मला ते कळवलं नाहीस. आधी राग आला. मग तुझ्या पोस्टकार्डाची तारीख पाहिली. दालन वाचवून झाल्यावर तू मला ती ओळ लिहिली होतीस. म्हणजे ते विचारणं दालनासाठी नव्हतंच.

पाकिटात आणखी एक पुठ्ठा होता. तुझ्या वर्गाची मांडणी, नव्याने काढलेली. जुना पुठ्ठा पिवळा पडला होता, तुला कसं कळलं? मी तो खिडकीत धरून खुर्च्या मोजल्या. अकरा. दोनदा मोजल्या. बावीस तारखेचं माझं पत्र वाचून, माझे कान कसे आहेत ते कळून, तू अकराच काढल्यास. बारावी काढली नाहीस. कोपऱ्यात एक छोटीशी खूण केली आहेस, दाराजवळ, आणि तिथे लिहिलं आहेस, “जादा खुर्च्या इथे.” बस, तेवढंच.

काल गुरुवार होता. वर्ग चारला. मी सव्वाचारपर्यंत खिडकीवर बसून वॉकरच्या पायांना रबर चढवत बसले, जे आधीच चढवलेलं होतं. मग उठले. शिंपीकाकांनी मला पाहिलं आणि, शहाणा माणूस, काहीच केलं नाही. कुणीही गुडघे हलवले नाहीत. मी दाराजवळून एक घडीची खुर्ची उचलली, स्वतः आत नेली, उजेड बघून स्वतः उघडली आणि बसले. पहिला धडा ‘प’ आणि ‘ब’ ओठांवर सारखेच दिसतात हा होता. तू इतकी वर्षं असलं अवघड काम करत होतीस आणि मी म्हणायची, तुझा वर्ग काय, नुसत्या गप्पा.

संपल्यावर वर्तुळ लावायचं होतं. दहा खुर्च्या. मी अकरावीला हात लावला नाही. नर्सबाईंची मी माफी मागितली, तुझ्याबद्दल तुला न विचारता बोलले म्हणून. त्या म्हणाल्या, “ती माफी माझ्याकडे नका मागू.” खरं आहे.

उशी मी तुझ्या खणातून काढलेली नाही. उरलेल्या खुर्च्या घडी करून दाराशी भिंतीला टेकवल्या आहेत, सहा आहेत, कुणाच्याही नावाच्या नाहीत.

दार आता आतल्या बाजूला ढकलावं लागतं, बिजागरी बदलली आहे. एवढंच तुला माहीत नसेल.

ताई